कीबोर्ड घेण्याआधी त्याचे सॉफ्टवेअर पाहा: कीक्रॉन व्ही-३, आठ महिन्यांच्या वापरानंतर

परभणीत माझे डीटीपीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे कार्यालय आहे. ते घराच्याच पुढच्या खोलीत असल्यामुळे तिथला संगणक दिवसा माझ्या आणि रात्री भाच्याच्या ताब्यात असतो. दिवसभर त्यावर पीक विम्याचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, शिष्यवृत्तीसाठी आलेली आधार कार्डे आणि पासबुकांच्या प्रती साठत जातात, आणि रात्री नऊनंतर त्याच संगणकावर व्हॅलोरंट हा ऑनलाइन खेळ सुरू होतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत असेच चालते, कारण खेळासाठी वेगळा संगणक घेणे बहुतेकांच्या आवाक्यात नसते. गेमिंग कीबोर्डची परीक्षणे मात्र संगणक फक्त खेळण्यासाठीच आहे असे धरून लिहिलेली असतात. स्विच (प्रत्येक कळीखालची यंत्रणा), दिवे, पोलिंग रेट (कळांची माहिती संगणकाला सेकंदाला किती वेळा कळवली जाते ते) यांवर त्यांत भरपूर मजकूर असतो, पण कीबोर्डसोबत जे सॉफ्टवेअर संगणकात शिरते ते तिथे काय करते, याविषयी एखादे वाक्य असले तरी पुष्कळ. लोकांची कागदपत्रे माझ्या भरवशावर त्या संगणकात असतात, त्यामुळे मला हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागला.

कीक्रॉन घेण्याआधी भाच्याच्या आग्रहावरून एक स्वस्त गेमिंग कीबोर्ड ऑनलाइन मागवला होता. कंपनीचे नाव इथे देत नाही. किंमत दोन हजारांच्या आत होती, कीबोर्ड दिसायला देखणा होता आणि कळाही वाईट नव्हत्या. खोक्यात बोटभर लांबीचे एक कार्ड होते, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की एका ऑनलाइन ड्राइव्हवरची आरएआर (आवळून बांधलेली) फाइल उतरत होती. फाइलला पासवर्ड होता, तो कार्डाच्या मागे छापलेला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती की फाइल चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा.

"मामा, हे टाकल्याबिगर लाइट बदलत नाहीत अन् मॅक्रोबी लागत नाही," भाचा म्हणाला.

"टाकू, पण या कॉम्प्युटरवर नाही," मी त्याला सांगितले, आणि कपाटातला जुना लॅपटॉप काढला, ज्यात कुणाचेही काही उरलेले नव्हते.

त्या लॅपटॉपवर फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. कुठल्याही जबाबदार कंपनीच्या फाइलला तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा एक टॅब असतो, इथे तो नव्हताच. फाइल चालवल्यावर विंडोजने परवानगी मागितली तेव्हा त्या खिडकीची पट्टी पिवळी होती आणि प्रकाशकाच्या जागी 'अज्ञात' असे आले. हो म्हटल्यावर दिवे बदलले, मॅक्रोही (एका कळीवर अनेक कळांची साखळी बसवण्याची सोय) लागला. मात्र लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर त्या कार्यक्रमाची एक सर्व्हिस पाठीमागे आपोआप चालू झालेली होती आणि तीही 'लोकल सिस्टिम' या खात्याने, म्हणजे संगणकातल्या सर्वांत वरच्या अधिकाराने. कार्यक्रम काढून टाकल्यावरही ती सर्व्हिस यादीत तशीच होती. दिव्यांचा रंग निळ्याचा हिरवा करण्यासाठी एवढ्या अधिकाराची गरज का पडावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही. कीबोर्ड दुसऱ्या दिवशी परत पाठवला.

ते सॉफ्टवेअर चोरटेच होते असे माझे म्हणणे नाही, तसा माझ्याकडे पुरावा नाही. पण बँकेचा पासवर्ड, ग्राहकाचा ओटीपी, आधार क्रमांक असे सगळे काही ज्या वस्तूमधून जाते ती वस्तू म्हणजे कीबोर्ड, आणि तिच्याशी बोलणारा कार्यक्रम कोणी लिहिला, तो कोणत्या अधिकाराने चालतो आणि बाहेर कुणाशी बोलतो हे कळत नसेल, तर तो माझ्या कार्यालयातल्या संगणकावर नको, इतकी साधी ही गोष्ट आहे.

ही शंका अतिरेकी वाटत असेल तर गेल्या काही वर्षांतली उदाहरणे पाहावीत. 2017 मध्ये मँटिसटेक जीके-2 या चिनी कीबोर्डचे सॉफ्टवेअर वापरकर्त्याने कोणती कळ किती वेळा दाबली याची मोजदाद अलीबाबाच्या सर्व्हरवर पाठवत असल्याचे उघड झाले. टंकलेला मजकूर जात नव्हता, फक्त आकडे जात होते, पण तेही कुणाला न विचारता. मोठ्या नावाने सुरक्षा आपोआप मिळते असेही नाही. 2018 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षादोष शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांना लॉजिटेक ऑप्शन्स या सॉफ्टवेअरमध्ये असा दोष सापडला की ते संगणकावर एक दार उघडे ठेवून आज्ञांची वाट पाहत बसे आणि आज्ञा देणारा कोण आहे याची नीट खातरजमा करत नसे. त्यामुळे ब्राउझरमध्ये उघडलेले एखादे परके संकेतस्थळ त्या दारातून आज्ञा पाठवून संगणकावर कळा दाबल्याचा भास निर्माण करू शकत होते. कंपनीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती दिली.

ऑगस्ट 2021 मधले रेझर या गेमिंग साहित्याच्या कंपनीचे प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटते, कारण त्यात कुणालाही काही डाउनलोड करावे लागत नव्हते. रेझरचा माउस संगणकाला जोडला की विंडोज अपडेट आपण होऊन ड्रायव्हरसोबत (उपकरण चालवणाऱ्या छोट्या कार्यक्रमासोबत) सिनॅप्स या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणत असे, आणि तो इन्स्टॉलर सिस्टिमच्या अधिकाराने चालत असे. सॉफ्टवेअर कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचे हे निवडण्याची खिडकी उघडली की शिफ्ट दाबून उजवी क्लिक करायची आणि पॉवरशेल हे आज्ञा टंकण्याचे साधन उघडायचे, एवढे केले तरी समोर येणारी खिडकी संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराची असे. म्हणजे मर्यादित खात्यावर बसलेला कुणीही मनुष्य खिशातला माउस जोडून काही मिनिटांत त्या संगणकाचा मालक होऊ शकत होता. हे जाहीर झाल्यावर रेझरने दुरुस्तीचे काम हाती घेतले, आणि थोड्याच दिवसांत स्टीलसिरीजच्या सॉफ्टवेअरमध्येही याच जातीचा दोष दुसऱ्या एका अभ्यासकाने दाखवून दिला. माझ्या कार्यालयात अर्ज भरण्यासाठी आलेली शाळकरी मुले कधी कधी संगणकासमोर बसतात, म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळे मर्यादित खाते ठेवले आहे. त्या खात्याची भिंत माउसच्या इन्स्टॉलरने पाडावी, हे वाचल्यावर मी विंडोजच्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये जाऊन उत्पादकांची ॲप आपोआप उतरवण्याच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देऊन ठेवले. ते काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

अलीकडची एक घटना तर अधिकृत संकेतस्थळावरच घडली. 26 जून ते 9 जुलै 2025 या काळात एंडगेम गिअर कंपनीच्या एका माउसचे सेटिंग्जचे साधन कंपनीच्या स्वतःच्या पानावरून उतरवणाऱ्यांना त्यासोबत संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देणारा मालवेअरही मिळत होता. अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा हा सल्ला चांगलाच आहे, पण तो पुरेसा नाही. त्याच वर्षी मार्चपासून विंडोजचा डिफेंडर 'विनरिंग-झिरो' नावाच्या ड्रायव्हरला अडवू लागला. दिव्यांचे रंग आणि पंख्यांचा वेग सांभाळणाऱ्या अनेक कार्यक्रमांनी तो वर्षानुवर्षे सोबत घेतला होता, आणि त्यातला दोष 2020 पासून नोंदलेला होता. अनेकांना वाटले की अँटिव्हायरस उगाच ओरडतो आहे, पण त्याचे म्हणणे खरे होते.

या सगळ्यातून माझ्यापुरता निवडीचा निकष ठरला: कीबोर्डची मांडणी, मॅक्रो आणि दिवे ही सगळी माहिती कीबोर्डच्याच स्मृतीत राहिली पाहिजे, आणि ती बदलण्यासाठी संगणकावर कायमस्वरूपी काही बसवावे लागू नये. या निकषाला उतरणारे आणि आमच्या खिशाला झेपणारे जे थोडे पर्याय सापडले, त्यांतून कीक्रॉन व्ही-३ निवडला. त्याच्या आत क्यूएमके नावाचे मुक्त फर्मवेअर (कीबोर्डच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) असते, ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, आणि व्हीआयए नावाच्या साधनाने ब्राउझरमध्येच कळा बदलता येतात.

आधी वस्तूविषयी. हा 87 कळांचा, तारेचा कीबोर्ड आहे. उजवीकडचा आकड्यांचा भाग नसल्यामुळे माउसला जागा मिळते आणि भाचा खूश असतो, पण पीक विम्याच्या हंगामात गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक असे आकडेच आकडे भरावे लागतात तेव्हा मला त्या भागाची उणीव रोज जाणवली आणि शेवटी एक वेगळा नमपॅड घ्यावा लागला. आकड्यांचे काम असणाऱ्यांनी पूर्ण आकाराचा व्ही-६ पाहावा. आवरण प्लास्टिकचे असले तरी हातात उचलल्यावर ठोस वाटते, आतली पट्टी पोलादी आहे, आणि जोरात टंकताना कीबोर्ड टेबलावर सरकत नाही. पुढची कड उंच आहे. पहिले दोन आठवडे माझे मनगट दुखले, नंतर मी पुढे घडी केलेला टॉवेल ठेवू लागलो.

स्विच लाल घेतले. ज्यांचे हात टीव्हीएस गोल्डच्या टकटक आवाजावर तयार झाले त्या आमच्या पिढीला निळे स्विच जवळचे वाटतात, कारण कळ दाबली गेल्याचे ते कानाला सांगतात. पण आमच्या घरात पुढच्या खोलीला लागूनच आई झोपते आणि रात्री अकराला निळ्या स्विचचा आवाज भिंतीपलीकडे स्पष्ट जातो. लाल स्विच सुमारे 45 ग्रॅमच्या दाबाने खाली जातो, मध्ये कुठे अडत नाही आणि आवाजही बेताचा असतो. खेळासाठी तो उत्तमच आहे. टंकलेखनात मात्र सुरुवातीला बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटायचे आणि माझ्या चुका वाढल्या होत्या, त्या ओसरायला महिना गेला.

आमच्याकडच्या धुळीचा विचार करता स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतात ही सोय मला फार मोलाची वाटते. मार्च ते जून खिडकी उघडी ठेवली तरी त्रास आणि बंद ठेवली तरी त्रास, अशी परभणीची स्थिती असते. मेमध्ये 'ई'ची कळ एका दाबात दोनदा उमटू लागली. खोक्यातल्या चिमट्याने कीकॅप काढली, तर खाली पिवळसर धुळीचा थर होता. ब्रशने झाडले तरी फरक पडला नाही, तेव्हा स्विच ओढून काढला आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या एका कळीचा स्विच त्याच्या जागी बसवला. पाच मिनिटांत काम झाले. असा दोष आलेला माझा आधीचा कीबोर्ड पूर्णच भंगारात गेला होता. कीकॅप पीबीटी प्लास्टिकच्या असून त्यांवरील अक्षरे दोन रंगांच्या प्लास्टिकमधून घडवलेली आहेत, त्यामुळे ती पुसली जात नाहीत आणि घामाने कळा चकाकतही नाहीत. पण अक्षरांमधून प्रकाश बाहेर येत नाही. वीज गेली, संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, तर दिवे कळांच्या कडेने झगमगतात आणि अक्षरे तेवढी दिसत नाहीत. दिव्यांचा तो अर्धा उपयोग वाया गेला आहे, असे माझे मत आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. व्हीआयएचे संकेतस्थळ क्रोम किंवा एजमध्ये उघडायचे, कीबोर्ड जोडण्याचे बटण दाबायचे, मग ब्राउझर एक छोटी यादी दाखवून विचारतो की या पानाला कोणत्या उपकरणाशी बोलू द्यायचे. आपण निवडलेल्या उपकरणाखेरीज दुसऱ्याला ते पान हात लावू शकत नाही. शिवाय या मार्गाने पानाला कीबोर्डचा टंकनाचा प्रवाह वाचता येत नाही, ब्राउझर तो भाग मुद्दाम अडवतो आणि मांडणी बदलण्यासाठी ठेवलेली वेगळी वाट तेवढी खुली करतो. काम झाल्यावर मी त्या पानाची परवानगी काढून घेतो आणि टॅब बंद करतो. संगणकात कुठलीही सर्व्हिस राहत नाही, संगणक सुरू होताना काही जागे होत नाही आणि प्रशासकाचा अधिकार कुठेही मागितला जात नाही. बदललेली मांडणी कीबोर्डमध्येच राहते, त्यामुळे तो दुसऱ्या संगणकाला लावला तरी तशीच मिळते.

हा मार्ग पूर्ण निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एक चूक आमच्याच घरात होता होता राहिली. मॅक्रोची सोय कळल्यावर भाच्याने स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड एका कळीवर बसवला आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवला. मी तोच कीबोर्ड जुन्या लॅपटॉपला लावला, व्हीआयए उघडले आणि मॅक्रोचे पान समोर केले. त्याचा अख्खा पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत लिहिलेला होता. त्याचा चेहरा उतरला. मॅक्रो कीबोर्डच्या स्मृतीत कुलूप न लावता ठेवले जातात, कीबोर्ड ज्याच्या हाती पडेल तो ते वाचू शकतो. दुरुस्तीला देताना, मित्राला देताना किंवा विकताना ही गोष्ट ध्यानात असावी. कीक्रॉनमध्ये एफएन, जे आणि झेड या तीन कळा काही सेकंद एकत्र दाबून धरल्या की कीबोर्ड मूळ स्थितीत येतो. व्हायल नावाचे याच घराण्यातले दुसरे साधन या बाबतीत अधिक सावध आहे. कोणती कळ दाबली जात आहे हे दाखवणारी चाचणी सुरू करण्यापूर्वी ते वापरकर्त्याला ठरावीक कळा प्रत्यक्ष दाबून धरायला लावते, म्हणजे कीबोर्डसमोर माणूस बसलेला आहे याची खात्री करून घेते. व्हीआयएमध्येही असेच असावे असे मला मनापासून वाटते.

मॅक्रोचा खरा उपयोग मला मराठी टंकनात झाला. कीबोर्डला देवनागरी कळत नाही, त्याला कळा कळतात, पण विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही देवनागरीची कळमांडणी चालू असेल तर तेवढे पुरते. 'सी, यू, ई, जे, ई' या पाच कळा म्हणजे 'महारा', पुढे शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ म्हणजे 'ष', मग 'डी' म्हणजे पायमोड, अवतरणचिन्हाची कळ म्हणजे 'ट', पुन्हा 'डी' आणि शेवटी 'जे'. ही साखळी एका कळीवर बसवली की एका दाबात 'महाराष्ट्र' उमटते. 'उपरोक्त विषयान्वये', 'आपला विश्वासू', तालुक्यांची नावे, असे वीस-बावीस ठरलेले शब्द मी अशा रीतीने बसवले आहेत आणि अर्जाच्या मसुद्यांत माझा बराच वेळ वाचतो. इनस्क्रिप्ट बंद असताना कळ दाबली तर इंग्रजी अक्षरांचा ढीग उमटतो, ही काळजी घ्यावी लागते.

खेळाविषयी भाच्याचे मत असे की चुंबकीय म्हणजे हॉल इफेक्ट स्विचचे कीबोर्ड याहून जलद आहेत. ते खरे आहे. त्यांत कळ किती खाली गेल्यावर उमटावी हे ठरवता येते आणि बोट थोडे वर येताच कळ सुटली असे धरले जाते. स्पर्धेत उतरणाऱ्यांना तो फरक जाणवतो. त्यांच्यासाठीही माझा प्रश्न तोच राहील, की ही मापे कीबोर्डमध्ये साठतात का आणि ती बदलण्यासाठी संगणकात कायमचा पाहुणा ठेवावा लागतो का. वूटिंगसारख्या काही कंपन्या हेही काम ब्राउझरमधून करू देतात. मात्र विरुद्ध दिशांच्या दोन कळा आपोआप सांभाळणाऱ्या सोयी वापरण्यापूर्वी खेळाचे नियम वाचावेत, कारण काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट 2024 मध्ये त्या निषिद्ध केल्या आणि त्या वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढले जाऊ लागले. शिवाय व्हॅलोरंटसोबत येणारा, खेळातली फसवणूक पकडणारा व्हॅनगार्ड हा कार्यक्रम स्वतःच विंडोजच्या गाभ्यात, संगणक सुरू होतानाच चालू होतो. एवढ्या खोल अधिकाराचा एक कार्यक्रम आम्ही जाणूनबुजून ठेवला आहे, म्हणूनच केवळ दिव्यांसाठी दुसरा ठेवायला मी तयार नाही.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड आधीच आहे त्यांनी तो फेकून देण्याचे कारण नाही. त्यात ऑनबोर्ड मेमरी (कीबोर्डमधलीच स्मृती) असेल तर सॉफ्टवेअर एकदा बसवावे, शक्य झाल्यास महत्त्वाची कागदपत्रे नसलेल्या संगणकावर, मग हवी ती मांडणी कीबोर्डमध्ये साठवून सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि सर्व्हिसेसच्या यादीत त्याचे काही उरले आहे का ते पाहावे. खरेदीपूर्वी दुकानदाराला 'सॉफ्टवेअर काढल्यावर सेटिंग राहते का' एवढे विचारावे. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात मी हे विचारले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कीबोर्ड लगेच दुसऱ्या संगणकाला लावून दाखवला. मला त्याचे कौतुक वाटले.

भाच्याला आता नांदेडला प्रवेश मिळाला आहे आणि वसतिगृहात जाताना तो हा कीबोर्ड घेऊन जाणार आहे. त्याआधी त्याने स्वतःच तिन्ही कळा दाबून माझे मॅक्रो पुसले आणि खेळाची मांडणी नव्याने भरली. कार्यालयासाठी मी दुसरा मागवला आहे. या वेळी पूर्ण आकाराचा व्ही-६ घेतला आहे आणि स्विच तपकिरी.